जिद्दा किती तास लांब?

"जिद्दा किती लांब आहे रे नागपूरपासून?" अम्मीने विचारलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. उमऱ्याची तिकिटं हातात होती, व्हिसा झाला होता, एहरामच्या चादरी धुवून वाळत घातल्या होत्या, पण हा साधा प्रश्न आमच्यापैकी कुणी स्वतःला विचारला नव्हता. ट्रॅव्हल एजंटने सांगितलं होतं, "पाच तासांचा प्रवास आहे, आजीला काही त्रास होणार नाही." आम्ही तेच अम्मीला सांगितलं. पाच तास. नागपूरहून अमरावतीला लग्नाला जाऊन परत यायचं म्हटलं तरी एवढा वेळ जातो.

मोमिनपुऱ्यातल्या घरातून आम्ही पाच जण दुपारी ३ वाजता निघालो. मक्केतल्या हॉटेलच्या खोलीत अम्मी पलंगावर बसली तेव्हा तिच्या मनगटावरचं, नागपूरच्या वेळेचं घड्याळ दुपारचे १२ दाखवत होतं. म्हणजे एकवीस तास झाले होते. अम्मीचं वय बाहत्तर, तिला साखरेचा आजार आहे, गुडघे दुखतात. त्या एकवीस तासांत एकदा तिची साखर इतकी खाली गेली की हात थरथरायला लागले. पाचाचे एकवीस कसे झाले, हे आम्ही परत आल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा नीट कळलं. आपल्या विदर्भातल्या घराघरांतून आता उमऱ्याला लोक जातात, हजचे फॉर्म भरतात. ज्यांच्याबरोबर म्हातारी माणसं आहेत, त्यांना आमचा हिशेब उपयोगी पडावा म्हणून तो इथे देत आहोत.

दोरा आणि पृथ्वीचा गोल

आधी किलोमीटर पाहू. सोनेगावच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळापासून जिद्द्याच्या विमानतळापर्यंत सरळ हवाई अंतर सुमारे ४,१२० किलोमीटर भरतं. मुंबईपासून जिद्दा सुमारे ३,५२० किलोमीटर. म्हणजे नागपूरकरांना मुंबईकरांपेक्षा सहाशे किलोमीटर जास्त. प्रवासी विमान वर गेल्यावर ताशी साडेआठशेच्या आसपास वेगाने जातं, तेव्हा हे जादा सहाशे किलोमीटर म्हणजे पाऊण तास, फार तर पन्नास मिनिटं.

आमच्या धाकट्या मुलीने शाळेचा पृथ्वीगोल आणला आणि नागपूर ते मक्का दोरा ताणून धरला. एक गोष्ट तिने दाखवली तेव्हा आम्ही चकित झालो. नागपूर आणि मक्का जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. नागपूर २१ अंश ९ मिनिटं उत्तर, काबा २१ अंश २५ मिनिटं उत्तर. विषुववृत्तापासून मोजलं तर काबा आपल्यापेक्षा जेमतेम तीस किलोमीटर उत्तरेला आहे, कामठी ओलांडून थोडं पुढे गेल्यावर होईल तेवढाच. मग किब्ला नेमका पश्चिमेला हवा ना? नकाशाच्या सपाट कागदावर तसंच दिसतं. पण गोलावर दोरा ताणला की तो पश्चिमेच्या रेषेवर राहत नाही, आधी थोडा उत्तरेकडे चढतो आणि अरबस्तानात पोचता पोचता खाली उतरतो. नागपूरहून किब्ल्याची दिशा पश्चिमेपासून उत्तरेकडे सुमारे आठ अंश कललेली आहे, ती याचमुळे. विमानाची सर्वांत जवळची वाटही तीच. गुजरातवरून समुद्रावर, मग ओमान, मग सौदीचं वाळवंट.

ज्यांना घरातल्या घरात हे तपासायचं आहे त्यांनी २८ मेच्या दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी अंगणात उभं राहावं. त्या क्षणी सूर्य काब्याच्या बरोबर माथ्यावर असतो. सूर्याकडे तोंड केलं की किब्ल्याकडे तोंड झालं. वर्षातून दुसऱ्यांदा हे १६ जुलैला २ वाजून ५७ मिनिटांनी घडतं, पण तेव्हा आपल्याकडे बहुधा आभाळ भरलेलं असतं. मे महिन्यात मात्र नागपूरच्या उन्हाची कमतरता नाही!

आता खरी गंमत. नागपूरहून जिद्द्याला नेहमीचं थेट विमान नसलं की लोक मधे कुठेतरी उतरून जातात. आम्ही या वाटा मोजल्या. मुंबईवरून गेलं तर दोन्ही टप्पे मिळून सुमारे ४,२०० किलोमीटर. शारजाहवरून सुमारे ४,१६०. दोह्यावरून सुमारे ४,१७०. शारजाह आणि दोहा ही दोन्ही शहरं जवळजवळ वाटेवरच पडतात, आणि नागपूरहून त्या दोन्ही ठिकाणी विमानं जात आली आहेत. सरळ वाटेपेक्षा यांतली कुठलीच वाट शंभर किलोमीटरनेही लांब नाही. वाट वाकडी होते ती हैदराबाद किंवा दिल्लीवरून गेल्यास, कारण मग आधी दक्षिणेला किंवा उत्तरेला जावं लागतं. हैदराबादमार्गे साडेचार हजारांच्या वर, दिल्लीमार्गे त्याहूनही जास्त.

म्हणजे आकाशात आमचे फक्त ऐंशी किलोमीटर जादा गेले. मग एकवीस तास कुठे गेले?

जमिनीवरचे तास

आम्ही मुंबईमार्गे गेलो. घरून ३ वाजता निघालो, नागपूरचं विमान ६ वाजता सुटलं, ७.३५ ला मुंबई. मुंबईहून जिद्द्याचं विमान रात्री २.१५ ला. ते पाच तास चाळीस मिनिटांनी उतरलं. मग इमिग्रेशनची रांग, सामान, बस, आणि मक्केपर्यंतचा रस्ता. विमानात बसून गेलेला वेळ सात तास पंधरा मिनिटं. जमिनीवर गेलेला वेळ तेरा तास पंचेचाळीस मिनिटं. त्यातले सहा तास चाळीस मिनिटं एकट्या मुंबईच्या विमानतळावर.

ही सहा तास चाळीस मिनिटं अम्मीला भारी पडली. ती घरी रात्री ८ वाजता जेवणाआधीची साखरेची गोळी घेते, साडेआठला जेवते. वर्षानुवर्षांची सवय. मुंबईला ८ वाजता आम्ही सामानाच्या पट्ट्याजवळ उभे होतो. अम्मीने पर्समधून गोळी काढली, पाण्याबरोबर घेतली, कुणाला काही बोलली नाही. सामान आलं, ते घेऊन दुसऱ्या बाजूला जायचं, तिथे रांग, तिथून पुन्हा रांग. आम्हाला वाटलं आत गेल्यावर निवांत जेवू. पावणेदहा वाजता ती म्हणाली, "मला काहीतरी होतंय." चेहरा घामाने भिजलेला, बोटं थरथरत होती. भाभीने हातातल्या पिशवीतून खजूर काढून तोंडात घातली, कुणीतरी साखरेचं सरबत आणलं. पंधरा-वीस मिनिटांत अम्मी सावरली, अलहम्दुलिल्लाह. पण तिथून पुढे तिचे पाय सुजले ते मक्केपर्यंत. चाकांची खुर्ची आम्ही तिकीट काढताना मागितलीच नव्हती. का मागायची? पाच तासांचाच तर प्रवास होता.

एजंट खोटं बोलला असं आम्ही म्हणत नाही. त्याने विमानाचा वेळ सांगितला, आम्ही तो प्रवासाचा वेळ समजलो. पण ज्याचा रोजचा हाच धंदा आहे त्याने समोर बाहत्तर वर्षांची बाई पाहून "घरून निघाल्यापासून खोलीत पोचेपर्यंत किती तास" हे आपणहून सांगायला हवं होतं, असं आम्हाला आजही वाटतं. त्याने नाही सांगितलं तर आपण विचारायचं. तिकीट हातात घेऊन फक्त तीन वेळा लिहायच्या आणि मधले तास बेरजेत धरायचे, एवढंच काम आहे. गोळी आणि जेवणाची वेळ डॉक्टरांना त्या कागदावरच लिहून मागायची. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते हातातल्या पिशवीतच ठेवावं. विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत ते गोठून निकामी होऊ शकतं.

अम्मीचं घड्याळ, आकाशाची वेळ

विमानात आणखी एक घोटाळा झाला. तो आता हसत सांगतो, पण त्याने वाईट वळणही घेतलं असतं.

मीकातची हद्द ओलांडण्याआधी उमऱ्याची नियत आणि तल्बिया व्हायला हवी, नाहीतर दम द्यावा लागतो, हे सगळ्यांना पाठ होतं. जहाजाच्या काळी हिंदुस्थानच्या हाजींची मीकात यलमलम, कारण जहाज लाल समुद्रातून दक्षिणेकडून वर जात असे. विमान पूर्वेकडून, ताइफच्या बाजूने येतं, तेव्हा ते कर्नुल मनाजिलच्या जवळून जातं. विमानात बहुधा उतरण्याच्या अर्धा तास आधी मीकातची सूचना देतात. पण झोप लागली तर? म्हणून भाईजानांच्या मुलाने गजर लावायचं ठरवलं. तिकिटावर सुटण्याची वेळ २.१५, पोचण्याची ५.२५. त्याने वजाबाकी केली, तीन तास दहा मिनिटं. त्यातून अर्धा तास वजा करून मोबाइलवर ४.५५ चा गजर लावला.

गजर वाजला, त्याने सगळ्यांना उठवलं, आम्ही नियत केली, तल्बिया म्हटली. मग खिडकीबाहेर पाहिलं तर मिट्ट काळोख, आणि समोरच्या पडद्यावरचं छोटं विमान अजून ओमानच्या किनाऱ्याजवळच. तिकिटावर सुटण्याची वेळ भारताची असते आणि पोचण्याची सौदीची. दोन्ही देशांच्या घड्याळांत अडीच तासांचा फरक. तीन तास दहा मिनिटांत ते अडीच तास मिळवले की खरा प्रवास निघतो, पाच तास चाळीस मिनिटं. आमची नियत मीकातच्या अडीच तास आधी झाली. आधी झाली त्याला हरकत नाही. पण हाच गोंधळ उलट्या बाजूने झाला असता, तर?

परतीच्या तिकिटावर हा फरक उलटा दिसतो. जिद्द्याहून संध्याकाळी ७ ला निघालेलं विमान मुंबईला पहाटे २.२० ला पोचतं. तिकीट पाहणाऱ्याला वाटतं सात तास वीस मिनिटं. त्यातून अडीच तास वजा करा, प्रवास चार तास पन्नास मिनिटांचाच. जाताना पाच चाळीस आणि येताना चार पन्नास, एवढा फरक कसा, असं भाभीने विचारलं. हा वाऱ्याचा खेळ आहे. हिवाळ्यात उत्तर भारत आणि अरबस्तानाच्या वरून, विमानं उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीवर घेतो. आम्ही डिसेंबरात गेलो होतो. उन्हाळ्यात हा वारा मंदावतो आणि उत्तरेकडे सरकतो, म्हणून सध्या मे-जूनमध्ये येणाऱ्या हजच्या विमानांना त्याचा त्रास कमी. हज दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. आजची शाळकरी मुलं मोठी होऊन हजला जातील तेव्हा तो भर हिवाळ्यात असेल आणि जातानाचा प्रवास थोडा लांबेल.

पडद्यावर ओमानचा किनारा मागे पडला तेव्हा अम्मीने मनगटाकडे पाहिलं. "साडेपाच वाजले. फजर झाली." ती तयम्मुमची विचारपूस करायला लागली. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, नागपुरात त्या वेळी खरोखर फजर झाली होती. पण आम्ही नागपुरात नव्हतो. नमाजचा वेळ माणूस जिथे आहे तिथल्या आकाशावर ठरतो, आणि आमच्या खिडकीतलं आकाश अजून रात्रीचं होतं. फजरची वेळ झाली ती विमान जिद्द्याला टेकता टेकता. आम्ही विमानतळावरच्या नमाजच्या खोलीत फजर पढलो, जमिनीवर, नीट सफ लावून.

रमजानमध्ये उमऱ्याला जाणाऱ्यांनी या गोष्टीचा जास्तच विचार करावा. पश्चिमेकडे जाणारं विमान सूर्याच्या मागे पळत असतं. आपल्या अक्षांशावर सूर्यास्ताची रेषा ताशी सुमारे साडेपंधराशे किलोमीटर वेगाने पश्चिमेकडे सरकते, विमान साडेआठशेने. म्हणजे विमान सूर्याला गाठत नाही, पण त्याला मावळायला उशीर लावतं. नागपुरात सूर्यास्ताला एक तास असताना विमान निघालं, तर खिडकीतला सूर्य मावळायला दोन तासांच्या वर लागतात. नागपूरच्या वेळापत्रकावर इफ्तार करून चालत नाही, डोळ्यांसमोर सूर्य असताना रोजा सोडता येत नाही असंच उलेमा सांगतात. साठी उलटलेल्या, औषधं घेणाऱ्या रोजेदाराला हे दोन तास कसे जातील हे तिकीट काढतानाच पाहावं. मुसाफिराला रोजा पुढे ढकलण्याची सवलत अल्लाहनेच दिली आहे.

आमचे दादा-मियाँ गेले होते ते जहाजाने. नागपूरहून मुंबईपर्यंत रेल्वेचे ८३७ किलोमीटर, मग क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दिक मुसाफिरखान्यात मुक्काम, मग मोगल लाइनचं जहाज. मुंबईहून एडनमार्गे जिद्द्याचं समुद्रातलं अंतर सव्वाचार हजार किलोमीटरच्या वर, आणि आठवड्याहून अधिक दिवस पाण्यावर. हजची जहाजं १९९५ साली बंद झाली. दादा-मियाँ सांगत की जहाजावर चौथ्या दिवसापासून माणूस वेगळाच होतो, घर मागे राहतं. आमच्या प्रवासात घर मागे राहायला वेळच मिळाला नाही, अम्मी मक्केत उतरली तेव्हा तिच्या डब्यात नागपूरचे बेसनाचे लाडू तसेच होते.

नागपूर की मुंबई?

उमरा झाला. आता हजचा फॉर्म. अम्मी ज्येष्ठांच्या राखीव गटात बसते, तिच्याबरोबर भाईजान आणि भाभी. एका कव्हरमध्ये तिघं. फॉर्मवर निघण्याचं ठिकाण लिहायचं, पहिली पसंती आणि दुसरी पसंती. एका कव्हरमधल्या सगळ्यांचं ठिकाण एकच.

नागपूर हे हजचं प्रस्थानस्थान आहे. कोरोनाच्या काळानंतर २०२२ मध्ये देशभरात फक्त दहा ठिकाणांहून विमानं सोडली, त्यात नागपूर नव्हतं. २०२३ ला ते परत मिळालं. मिळालं ते महाग होऊन. त्या वर्षी मुंबईहून जाणाऱ्याला सुमारे ३ लाख ५ हजार पडले, नागपूरहून सुमारे ३ लाख ६७ हजार. औरंगाबादहून तर ३ लाख ९२ हजारांच्या वर, त्यावरून बरीच ओरडही झाली. नागपूर-मुंबई फरक माणशी बासष्ट हजारांच्या आसपास. तिघांचे एक लाख शहाऐंशी हजार.

आम्ही पुन्हा किलोमीटरवर आलो. जादा अंतर जाताना सहाशे, येताना सहाशे. बाराशे किलोमीटरला बासष्ट हजार म्हणजे किलोमीटरला पन्नास रुपयांहून जास्त. नागपूर-मुंबई नेहमीचं विमान तिकीट बरेचदा पाच-सहा हजारांत मिळतं. मग हे पैसे अंतराचे नाहीत हे उघड आहे. हजची विमानं एका बाजूला भरून जातात आणि रिकामी परत येतात, हा खर्च सगळ्याच ठिकाणी पडतो. पण भाडं प्रत्येक ठिकाणाचं वेगळं ठरतं, आणि मुंबईसारख्या शहरात प्रवासी जास्त, कंपन्या जास्त, चढाओढ जास्त. छोट्या ठिकाणी ती नाही. अंतर सहावा हिस्सा वाढतं आणि पैसे पाचव्या हिश्श्याने, तेही सगळ्या पॅकेजच्या आकड्यावर, ज्यात मक्का-मदीनेचं राहणंही आलं. हे आम्हाला न्यायाचं वाटत नाही. ज्या शेतकऱ्याने, ज्या विणकराने आयुष्यभर पै-पै जोडली त्याला केवळ विदर्भात राहतो म्हणून एवढा भुर्दंड का?

याच सोनेगावच्या धावपट्टीवर १९४९ पासून मध्यरात्री दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चारही दिशांची टपालाची विमानं उतरत, थैल्या अदलाबदल करून पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. देशाच्या मध्यावर असण्याचा फायदा तेव्हा साऱ्या देशाने घेतला. परदेशी जायचं म्हटलं की तेच नागपूर आडगाव होतं.

घरात वाद झाला. भाईजानांचं मत नागपूर. "थेट विमानात बसायचं, साडेपाच-सहा तासांनी उतरायचं. मुंबईचा तो पट्टा, ती रांग पुन्हा नको. अम्मीची त्या रात्रीची बोटं मी विसरलेलो नाही." अम्मीचं मत मुंबई. तिचा मुद्दा बिनतोड होता. "त्या वेळी आपण एका रात्रीत सगळं उरकलं म्हणून त्रास झाला. दोन दिवस आधी विदर्भ एक्सप्रेसने झोपून जाऊ, हज हाऊसमध्ये राहू, वेळेवर जेवू. तास काय, विमानतळावर बसून घालवले तर जास्त, झोपून घालवले तर कमी." आणि मग हळूच, "दोन लाखांत पोरीची बी.फार्म.ची दोन वर्षांची फी निघते."

भाभी कुणाचीच बाजू घेत नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं की यंदाचे आकडे किती आहेत. यंदाचे आकडे कुणालाच माहीत नव्हते, कारण ते फॉर्म भरून, नंबर लागून गेल्यानंतर जाहीर होतात. मागच्या वर्षांचा अंदाज धरून आधी ठिकाण निवडायचं, किंमत नंतर कळणार. कापडही आपण असं घेत नाही.

शेवटच्या आठवड्यात अम्मीचा गुडघा पुन्हा सुजला आणि तिला जिना उतरवेना. भाईजानांनी काही न बोलता पहिल्या पसंतीत नागपूर लिहिलं, दुसऱ्यात मुंबई. अम्मीने चष्मा लावून फॉर्म वाचला, नागपूरवर बोट ठेवून थोडा वेळ तशीच बसली आणि सही केली. मग म्हणाली, "बरं, नागपूरहून निघालो तर जेवण किती वाजता? गोळी कधी घ्यायची? आणि चाकांची खुर्ची आत्ताच सांगून ठेवा."

आमच्या मुलीने वही घेतली आणि पहिल्या ओळीत लिहिलं, 'घरून निघणे'. तिच्यापुढे वेळेची जागा रिकामी सोडली. दुसऱ्या ओळीत, 'खोलीत पोचणे'. मधल्या ओळी अम्मीने सांगितल्या.